रस्ते वाढले, पण एकमेकांना मिळाले का? आपल्या भागाची रस्ते-जोडणी मोजण्याची रीत

विकास आराखड्यावरच्या हरकतींत एक वाक्य हमखास असतं : "आमच्या भागात रस्तेच नाहीत." बहुतेक वेळा ते खरं नसतं. रस्ते असतात, डांबरी असतात, दिव्यांचे खांबही असतात. ते एकमेकांना मिळत नाहीत, एवढंच. मग कुणीतरी चिकाटीने मोजायला बसतं आणि भागातल्या रस्त्यांची एकूण लांबी काढतं, नाहीतर सगळ्या शहराची सरासरी काढतं. आकडे बरोबर येतात आणि निष्कर्ष चुकतो.

लांबी फसवते, कारण चार किलोमीटर रस्ता जाळ्यासारखा विणता येतो आणि फणीच्या दातांसारखा लोंबकळतही ठेवता येतो. सरासरी फसवते, कारण पुण्यासारख्या शहरात पेठांचं जुनं, दाट जाळं कडेच्या नव्या वस्त्यांचे आकडे सावरून धरतं. म्हणून या लेखातली सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे : शहरात आज काय आहे ते मोजून थांबू नका, प्रत्येक काळाने शहरात काय भर घातली ते वेगळं मोजा. उदाहरणं पुण्याची आहेत, पण रीत नाशिक, नागपूर किंवा मडगावलाही चालेल.

## आधी तयारी

लॅपटॉप, गूगल अर्थ प्रो आणि क्यूजीआयएस (नकाशे पाहायची आणि मोजायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट मिळतात), ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशाची प्रत, ए-३ कागदावरच्या दोन प्रती, तीन रंगांच्या पेन्सिली आणि पायात चालायचे बूट. प्रोग्रॅमिंग येत नसेल तर बिघडत नाही. दोन चौरस किलोमीटरपर्यंतचा भाग मी आजही कागदावर हातानेच मोजतो. हाताने मोजताना नकाशातल्या चुका डोळ्यांत भरतात, संगणक त्या गुपचूप गिळतो.

शब्द तीनच लागतील. दोन रस्ते मिळतात किंवा रस्ता संपतो ती गाठ. दोन गाठींमधला रस्ता म्हणजे तुकडा. एका गाठीतून जितके तुकडे निघतात तितके तिचे फाटे : बंद टोकाला एक, तिठ्याला तीन, चौकाला चार. दोन फाट्यांची जागा म्हणजे नुसतं वळण, ती गाठ धरायची नाही.

## टप्पा १ : हद्द आखा

वॉर्डाची हद्द घेऊ नका. ती बऱ्याचदा रस्त्याच्या किंवा नाल्याच्या मधून जाते आणि नेमक्या सांध्यावरच नकाशा कापते. साधारण एक ते दोन चौरस किलोमीटरचा, पायी फिरता येईल असा भाग निवडा. त्याच्याभोवती आणखी ५०० मीटरचा पट्टा आखा. नकाशा या मोठ्या हद्दीचा उतरवायचा, गाठी मात्र आतल्या हद्दीतल्याच मोजायच्या. पट्टा नसेल तर सीमेवर कापलेला प्रत्येक रस्ता बंद गल्ली दिसतो. भाग जितका लहान, तितकी ही चूक मोठी.

क्षेत्रफळातून टेकडी, नदीपात्र आणि लष्करी हद्द वजा करा. वेताळ टेकडी हिशेबात धरून कोथरूडमध्ये चौरस किलोमीटरला किती चौक हे काढलंत, तर कोथरूडवर अन्याय होईल.

तपासा : हद्द नदीच्या किंवा रेल्वेच्या काठावर थांबली आहे का? थांबली असेल तर पलीकडचा काठ आत घ्या. पूल आणि भुयारी मार्ग हेच तर जोडणीचे सर्वांत नाजूक सांधे असतात.

## टप्पा २ : रस्त्यांना वय द्या

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि हाच वगळला तर पुढचं सगळं व्यर्थ.

गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या उपग्रहचित्रांची काळपट्टी आहे. तुमच्या भागाची स्पष्ट चित्रं ज्या वर्षांची मिळतील त्यांतली दोन-तीन निवडा, मध्ये आठ-दहा वर्षांचं अंतर ठेवा. ए-३ प्रतीवर प्रत्येक रस्ता तो *पहिल्यांदा दिसला* त्या काळाच्या रंगात रंगवा. गावठाण वेगळ्या रंगात, कारण त्याची वीण मुळातच निराळी असते. इमारतीचं वय पाहू नका. प्लॉट वर्षानुवर्षं रिकामे राहतात, रस्ता आधीच पडलेला असतो.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला, समावेशाची तारीख. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. म्हणून तिथले रस्ते २०१७ चे किंवा २०२१ चे ठरत नाहीत. उलट, मोठं बांधकाम समावेशाच्या आधीच उरकलं गेलं आणि महापालिकेच्या वाट्याला तयार गुंता आला, अशीच अनेक ठिकाणची गोष्ट आहे. वय चित्रावरून ठरवा, राजपत्रावरून नव्हे.

दुसरा सापळा जास्त फसवा. ओपनस्ट्रीटमॅपच्या जुन्या आवृत्त्या मिळतात. २०१० ची आवृत्ती म्हणजे २०१० चं शहर, असं समजून लोक आलेख काढतात. हा प्रकल्पच २००४ मध्ये सुरू झाला आणि आपल्याकडचे नकाशे सावकाश भरत गेले. तेव्हा नकाशात नसलेली गल्ली जमिनीवर शंभर वर्षांपासून असू शकते. अशा आलेखात शहर वाढलेलं दिसत नाही, नकाशा काढणाऱ्यांची हौस वाढलेली दिसते.

वय देण्याचा हा खटाटोप कशासाठी, याचं एक उत्तर ख्रिस बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या संशोधकांच्या कामात आहे. त्यांनी अमेरिकेतल्या रस्त्यांची वयानुसार मोजणी केली (२०१५), तेव्हा नव्या रस्त्यांची विस्कळीत वीण १९९४ च्या सुमारास शिखरावर पोचून पुढे सुधारायला लागल्याचं दिसलं. पुढे २०२० मध्ये त्यांनी हीच पद्धत जगभर लावली, आजचा ओपनस्ट्रीटमॅप आणि १९७५ पासूनच्या उपग्रहचित्रांतली वस्ती एकमेकांवर ठेवून. सगळे रस्ते एकत्र मोजले असते तर अमेरिकेतलं १९९४ चं ते वळण जुन्या साठ्याखाली दबून गेलं असतं.

## टप्पा ३ : नकाशा उतरवा आणि मीटरमध्ये आणा

क्यूजीआयएसमध्ये क्विकओएसएम हे जोडसाधन वापरून हद्दीतले सगळे रस्ते उतरवा. *सगळे* म्हणजे पाऊलवाटा आणि पायऱ्यांसकट. फक्त गाड्यांचे रस्ते निवडलेत तर पेठांमधले बोळ गळतात आणि पुण्याचा सगळ्यात चालता येणारा भाग अकारण नापास होतो.

मग प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बदला. उतरवलेला नकाशा अक्षांश-रेखांशात असतो, त्यात लांबी मोजायची नसते. यूटीएम हे मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण निवडा : पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, गोवा यांना विभाग ४३ उत्तर; नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गोंदिया यांना विभाग ४४ उत्तर. सीमा ७८ अंश रेखांशावर आहे, विदर्भातल्यांनी आपलं गाव कुठल्या बाजूला येतं ते पाहून घ्यावं.

तपासा : पायी किंवा सायकलने खात्रीने माहीत असलेलं एक अंतर नकाशावर मोजा. पुण्यात ते पाच-साडेपाच टक्के जास्त आलं, तर तुम्ही वेबवरच्या नकाशांच्या मर्केटर प्रक्षेपणातच अडकला आहात. नागपुरात हीच चूक सात टक्क्यांची होते.

## टप्पा ४ : सफाई

मोजणीपेक्षा दुप्पट वेळ सफाईला ठेवा. चुका ठरलेल्या असतात :

1. दुभाजकाचे रस्ते. दुभाजक असलेला रस्ता नकाशात दोन रेघांचा असतो. असे दोन रस्ते एकमेकांना छेदतात तेव्हा एका चौकाच्या चार गाठी होतात. त्या एकत्र करा. न केल्यास सगळ्यात रुंद, सगळ्यात ओलांडायला कठीण रस्ता कागदावर सगळ्यात 'जोडलेला' ठरतो.
2. वाहतूक बेट. चार रस्त्यांचं गोल बेट चार तिठे म्हणून मोजलं जातं. तो एक चौक आहे.
3. उड्डाणपूल. क्यूजीआयएसला रेघा छेदतात तिथे गाठी पाडायला सांगितलं, की पुलाखालून जाणारा रस्ताही पुलाला 'मिळतो'. रॅम्पही तपासा. चांदणी चौकात नव्या रचनेनंतर इतके रॅम्प एकमेकांत मिसळतात, की आकड्यांत तो जोडणीचा महामेरू दिसेल. तिथे पायी रस्ता ओलांडून पाहा, मग ठरवा.
4. न जुळलेली टोकं. नकाशा काढणाऱ्याने रेघ दोन मीटर अलीकडे सोडली की खोटी बंद गल्ली तयार होते. पाच मीटरच्या आत दुसरा रस्ता असलेलं प्रत्येक बंद टोक उपग्रहचित्रावर पाहा. आपोआप जोडून टाकू नका. मध्ये खरोखरची भिंत असू शकते, आणि तुम्ही शोधताय ती तीच.
5. आराखड्यातले रस्ते. प्रस्तावित किंवा बांधकामाधीन रस्ते काढून टाका. डीपी रस्ता (विकास आराखड्यात आखलेला) कागदावर वीस वर्षं नांदू शकतो.

पायथनमध्ये ओएसएमएनएक्स वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. ते मूळ सेटिंगमध्ये जाळ्याचा सर्वांत मोठा सलग भागच ठेवतं आणि सुटे तुकडे न सांगता फेकतं. तुटलेपण मोजायला निघालेल्या माणसासाठी हे फारच विनोदी आहे. 'रिटेन ऑल' चालू करा. आणि फाट्यांची सरासरी घेताना 'स्ट्रीट्स पर नोड' हा आकडा घ्या. त्याच यादीतला 'के ॲव्हरेज' दुहेरी रस्ता दोनदा मोजतो.

## टप्पा ५ : पायी फेरी

खुर्चीत बसून फाटकं मोजता येत नाहीत. नकाशात सोसायटीचा आतला रस्ता सलग दिसतो, जमिनीवर त्याच्या दोन्ही टोकांना कुलूप असतं. माझ्या आधीच्या घराच्या गच्चीतून दिसणारं किराणा दुकान सरळ रेषेत जेमतेम दीडशे मीटरवर होतं. मध्ये एक पत्रा. रस्त्याने सव्वा किलोमीटर. नकाशावर तो पत्रा नव्हता.

दोन फेऱ्या मारा, एक सकाळी, एक रात्री दहानंतर. प्रत्येक फाटकापुढे चारांपैकी एक खूण करा : कायम उघडं; दिवसा उघडं पण रात्री बंद; वॉचमनने सोडलं तर; कायम बंद. भिंत, पत्रा, नाला किंवा दोन लेआउटमधला उंचीचा फरक असेल तर तसं लिहा. उंचीचा फरक आवर्जून, कारण तिथे पायऱ्या होऊ शकतात, रस्ता होणार नाही. फोटो काढा तर फाटकाचे आणि भिंतीचे, लोकांच्या खिडक्यांचे नकोत.

पावसाळ्याची नोंद वेगळी ठेवा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. असा सांधा नकाशात बाराही महिने उघडा दिसतो.

सावधान : एखाद्याला आत सोडलं म्हणजे रस्ता सार्वजनिक झाला असं नाही. वॉचमनच्या मर्जीवरची वाट 'बंद' म्हणूनच मोजा, शेऱ्यात मात्र लिहा.

या फेरीनंतर तुमच्याकडे दोन जाळी असतील : कागदावरचं आणि चालता येणारं. पुढचा प्रत्येक आकडा दोन्हींसाठी काढायचा.

## टप्पा ६ : मोजा

काल्पनिक दोन वस्त्या घेऊ, दोन्हींत रस्ता बरोबर चार किलोमीटर.

पहिली वस्ती चौकटीची : शंभर-शंभर मीटरवर पाच आडवे आणि पाच उभे रस्ते. चार कोपरे ही नुसती वळणं, ती सोडली. उरले ९ चौक आणि १२ तिठे, म्हणजे २१ गाठी. तुकडे ३६.

दुसरी फणीची : एक किलोमीटरचा मुख्य रस्ता, त्याला आलटून-पालटून दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे मीटरच्या १५ बंद गल्ल्या. १५ तिठे, १६ बंद टोकं, प्रवेशाची एक गाठ. एकूण ३२ गाठी, ३१ तुकडे.

आता तीन आकडे काढा.

तुकडे भागिले गाठी. पहिलीत १.७१, दुसरीत ०.९७. एकच्या खाली किंवा आसपास आलं की ओळखा, झाड आहे, जाळं नाही. गाठीमागे सरासरी फाटे हा आकडा याचाच दुप्पट असतो (३.४३ आणि १.९४). दोन्ही छापून पुरावा दुप्पट होत नाही, एकच द्या.

बंद टोकांचं प्रमाण. पहिलीत शून्य, दुसरीत ३२ पैकी १६, निम्मं.

फेरे. तुकड्यांतून गाठी वजा करा आणि एक मिळवा. पहिलीत १६, दुसरीत शून्य. माझा हा आवडता आकडा, कारण तो सभेत समजावता येतो : गेलो त्याच वाटेने परत न येता घरी पोचण्याचे किती स्वतंत्र मार्ग आहेत? दुसऱ्या वस्तीत एकही नाही. तिथे कुठलाही तुकडा ड्रेनेजसाठी खणला की कुणीतरी अडकतंच. आणि भिंतीत एक वाट उघडली की फेऱ्यांत बरोबर एकाची भर पडते. (जाळं सलग नसेल तर एकाऐवजी जितके सुटे भाग तितके मिळवा.)

तपासा : सगळ्या गाठींच्या फाट्यांची बेरीज तुकड्यांच्या दुप्पट यायला हवी. पहिल्या वस्तीत ७२ आणि ३६, दुसरीत ६२ आणि ३१. तुमच्या भागात सीमेबाहेर जाणारे तुकडे एकदाच धरले जातात, तेवढा फरक सोडा. त्याहून जास्त फरक असेल तर सफाईकडे परत जा.

## टप्पा ७ : वळसा मोजा

हद्दीत चिठ्ठ्या टाकून ठिकाणांच्या ३० जोड्या निवडा, सरळ रेषेतलं अंतर २०० ते ६०० मीटर. प्रत्येक जोडीचं चालण्याचं अंतर काढा आणि सरळ अंतराने भागा. चौकटीच्या वस्तीत चौकातून चौकात जाताना हा आकडा १.४१ च्या वर कधीच जात नाही. फणीच्या वस्तीत, एकाच बाजूच्या दोन शेजारच्या गल्ल्यांच्या टोकांत सव्वाशे मीटर अंतर धरलं, तर चालणं होतं सव्वापाचशे मीटर : ४.२.

दोन चुका टाळा. छळणाऱ्याच जोड्या निवडल्यात तर सुनावणीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. आणि शाळा, दवाखाना, पीएमपी बसचा थांबा यांचं अंतर इमारतीच्या मध्यापासून मोजू नका, उघड्या फाटकापासून मोजा. सरासरीऐवजी चढत्या क्रमातला मधला आकडा द्या, सोबत सगळ्यात मोठा.

## टप्पा ८ : काळाप्रमाणे तुलना

टप्पा २ चे रंग आता कामी येतात. प्रत्येक रंगाच्या पट्ट्याचे आकडे वेगळे काढा आणि एकाखाली एक लिहा. दोन रंगांच्या सीमेवरची गाठ नव्या रंगात धरा, कारण नवी वस्ती जुन्या रस्त्याला कुठे आणि कितीदा मिळाली हे त्या वस्तीचं कर्तृत्व आहे.

आकडे वाचताना कारण डोळ्यांसमोर ठेवा. कडेची शेती गटागटाने विकली जाते. प्रत्येक गटाचा लेआउट वेगळा मंजूर होतो, आतले रस्ते नियमाप्रमाणे रुंद असतात, आणि तो जवळच्या एका मोठ्या रस्त्याला एकदाच मिळतो. शेजारच्या लेआउटला मिळण्याची जबाबदारी दोघांपैकी कुणाचीच नसते. अशा पन्नास फण्या एकाच कण्याला लागल्या की सिंहगड रस्ता तयार होतो : एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला नदी, सगळा भार मधल्या एका रस्त्यावर. कणा रुंद करून फेरे वाढत नाहीत.

सगळी बंद टोकं वाईट नसतात. टेकडीच्या पायथ्याचं बंद टोक समजण्यासारखं आहे. गाडीला बंद पण पायी आणि सायकलला मोकळी वाट असेल, तर मला ती सगळ्यात शहाणी रचना वाटते. म्हणूनच दोन जाळी वेगळी मोजायला सांगितली.

## टप्पा ९ : तुटलेले सांधे शोधा आणि मागणी लिहा

नकाशावर वर्तुळं काढा : जिथे दोन बंद टोकं पन्नास मीटरच्या आत आहेत, पण मधला वळसा पाचशे मीटरच्या वर. प्रत्येक वर्तुळात सांधा जोडला असं धरून टप्पा ७ पुन्हा करा आणि जास्त वळसा वाचवणारे वर ठेवा. वर्तुळं पंधरा निघतील, मागा तीन.

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा गावनकाशा आता उघडा. जिथे आज भिंत आहे तिथून कधीकाळी शिवरस्ता किंवा पाणंद गेली होती का, ते पाहा. गावाच्या शिवेवरून किंवा शिवारातून जाणाऱ्या या वाटा लेआउटच्या कुंपणांत बुजून जातात, नकाशात मात्र राहतात. पण नकाशातली रेघ म्हणजे ताबा नव्हे. भूमी अभिलेखाची मोजणी झाल्याशिवाय "आमचा रस्ता गिळला" असा आरोप लिहू नका, सगळी हरकत त्या एका वाक्यात वाहून जाईल.

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ च्या कलम २६ खाली हरकत-सूचना देता येते आणि कलम २८ खाली नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मुदत नोटिशीतच पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. अर्जात एका सांध्याला एक परिच्छेद : दोन्ही टोकांचे सर्व्हे किंवा गट क्रमांक, मीटरमध्ये लांबी, मागितलेली रुंदी, आजचा वळसा, सांध्यानंतरचा वळसा. पायी वाट पुरत असेल तर तेवढीच मागा. तीस मीटरच्या पाऊलवाटेला लागणारी जमीन आणि एक किलोमीटरच्या डीपी रस्त्याचं भूसंपादन यांत किती वर्षांचं अंतर पडतं, हे 'मिसिंग लिंक'ची, म्हणजे रस्त्याच्या राहिलेल्या तुकड्याची, वाट पाहणाऱ्या उंड्री-पिसोळीकरांना विचारा.

सुनावणीत वेळ थोडा मिळतो. एकच ए-३ नकाशा न्या, रंग तीनच ठेवा, आणि ज्या फाटकांवर सगळा हिशेब उभा आहे ती आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा चालून या. माझ्या एका अर्जातलं 'कायम बंद' फाटक सुनावणीच्या दिवशी सताड उघडं होतं.